नसा बांधल्या म्हणजे गर्भाची पिशवी सुकते का?

पारोळ्याची वहिनी:
माझ्या नणंदेचं मागच्या वर्षी सिझर झालं. पोरगी रडली आणि इकडे हिचं रक्त थांबेचना, पिशवी आवळतच नव्हती, इंजेक्शनं झाली, रक्ताच्या पिशव्या चढल्या, शेवटी डॉक्टरांनी पिशवीला रक्त नेणाऱ्या दोन्ही बाजूच्या नसा बांधल्या आणि दप्तराचे पट्टे आवळतात तसे पिशवीवरून टाके घातले, बी-लिंच म्हणतात त्याला. जीव वाचला, पिशवीही राहिली. आता सासरी रोज एकच, "नस बांधी टाकी, आते पोर कसं व्हयी?" दुसरी करून आणायच्या गोष्टी चालल्यात. अहो पाळी सुरू झाली, डॉपलर सोनोग्राफीत दोन्हीकडून रक्त नीट जातंय. पिशवी वाचवली हेच बरोबर केलं असं माझं ठाम मत आहे.

धडगावकर:
वहिनी, तुमच्याकडे सगळं हाताशी होतं. आमच्याकडून घाट उतरून नंदुरबारला पोचेस्तोवर बाई पांढरीफट पडलेली असते. तिथे टाके घालून थांबतंय का बघत बसायचं? काढा पिशवी अन् मोकळं व्हा. लेकराला माय पाहिजे आधी.

सिस्टर, धुळे:
दादा, माय आधी हे शंभर टक्के. टाक्यांनी थांबलं नाही तर पिशवी काढावीच लागते आणि त्यात उशीर नको. पण नस बांधली म्हणजे रक्त बंद, हे खरं नाही. दिवस भरल्यावर पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जातं. कंबरेतली मोठी नस दोन्हीकडून बांधली तरी प्रवाह साधारण निम्म्यावर येतो, नाडीच्या ठोक्याचा जोर मात्र 85 टक्के उतरतो, हे 1960च्या दशकातच मोजलंय. धक्का कमी झाला की गुठळी टिकते. पुढे अंडाशयाकडच्या आणि कंबरेतल्या आडवाटेच्या नसा रुंदावतात, पिशवी जगते, दिवसही राहतात.

चोपड्याचा भाऊ:
मग कायम सगळं चांगलंच होतं का? टाके जास्त आवळले तर पिशवी आतून चिकटते, मांस मरतं, असंही होतं म्हणे. ते घरच्यांना कोण सांगतं?

सिस्टर, धुळे:
होतं, क्वचित. सांगायलाच पाहिजे. पाळी आली नाही किंवा पोट दुखत राहिलं तर तपासून घ्या. आणि पुढचं बाळंतपण ब्लड बँक असेल तिथेच, परत रक्तस्राव होऊ शकतो.

धडगावकर:
ब्लड बँक जवळ द्या, मग मीही म्हणीन पिशवी वाचवा. तोवर माझं मत बदलणार नाही.

पारोळ्याची वहिनी:
तुमचा राग समजतो दादा, रक्त तर वर डोंगरात मिळायलाच हवं. पण ज्या बाईची पिशवी राहिली तिला वांझ म्हणायचा हक्क कोणालाच नाही. रविवारी अमळनेरला जातेय, डॉपलरचा रिपोर्ट तिच्या सासूबाईंपुढे ठेवणार आणि हे सगळं मीच वाचून दाखवणार.