आधी खोली बघा, मग डिपॉझिट

परदेशात शिकायला जाणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय की तिथला घरमालक 'मी सध्या बाहेरगावी आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल' म्हणतोय, तर पैसे पाठवावेत का? कळकळीने सांगते, पाठवू नका. फसवणुकीची ही अगदी ठरलेली पद्धत आहे. जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, कधीकधी तेच फोटो दुसऱ्याच शहरातल्या घराचे निघतात.

कायदाही बघून ठेवा. जर्मनीत डिपॉझिट जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं, ते ३ समान हप्त्यांत देता येतं आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. इंग्लंडमध्ये खाजगी घराला सहसा ५ आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि ती रक्कम ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत संरक्षित करावी लागते. विद्यापीठाच्या वसतिगृहाचे नियम वेगळे.

त्या वसतिगृहासाठी मात्र प्रवेश नक्की झाल्याच्या दिवशीच अर्ज करा, व्हिसाची वाट बघू नका. नाहीच मिळालं तर पहिले दोन आठवडे तात्पुरती सोय करा आणि तिथे पोचून, खोली डोळ्यांनी बघून करार करा. जाण्याआधीच ठरवायचं असेल, तर तिथल्या एखाद्या सीनियरला खोली बघून यायला सांगा. लोक आनंदाने जातात, विचारायला संकोच करू नका.