मदत हवी आहे: टर्बो पेट्रोल इंजिनला कॅच कॅन लावायचा आहे, पण कोणत्या पाइपवर?

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्नच सांगतो. एक लिटरचं, तीन सिलेंडरचं, डायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे. रिमॅप केलेलं आहे (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली), त्यामुळे बूस्ट, म्हणजे टर्बोनं ढकललेल्या हवेचा दाब, मूळपेक्षा जास्त. त्याच्या ब्रीदिंगसाठी ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वायूतलं तेल अडवून गोळा करणारा डबा, बसवायचा आहे. हेड कव्हरवरून दोन पाइप निघतात. कॅन एकावर लावायचा की दोन्हीवर, आणि एकच घ्यायचा झाला तर कोणत्या पाइपवर, हे मला पक्कं करून घ्यायचं आहे. गाडीचं नाव मुद्दाम टाकत नाही. नाव आलं की चर्चा ब्रँडवर घसरते आणि पाइप बाजूला राहतो.

मी सेलू तालुक्यातला, जिल्हा वर्धा. गाडीचा वापर दोन टोकांचा आहे. रोज गावातल्या गावात, शेतावर, डेअरीवर. इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत बंद होतं. आणि नागपूरला जायचं म्हटलं की येळाकेळीवरून समृद्धीवर चढायचं आणि १२०च्या मर्यादेला धरून एकसारखं चालवायचं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५च्या पुढं जातो, तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको.

सर्व्हिसच्या वेळी इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा होज सोडला, तर आतून सगळीकडं तेलाचा पातळ थर होता आणि वाकणात चमचाभर तेल साचलेलं होतं. मधासारखा रंग, हाताला गुळगुळीत, पेट्रोलचा हलका वास. थ्रॉटल बॉडीच्या पाकळीवर मात्र काळं, चिकट. निळा धूर नाही, पिकअप व्यवस्थित आहे, डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मधेच आहे. टर्बो गाडीत थोडं तेल दिसणं नेहमीचं, हे मला माहीत आहे. पण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, म्हणून व्हॉल्व्हवर बसलेली तेलाची वाफ धुऊन निघत नाही. ती भाजून कार्बन होते. पुढं हेड उघडून नाहीतर अक्रोडाच्या टरफलाचा भुगा मारून तो कार्बन काढायची वेळ येऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

मला समजलेलं असं आहे. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू (यालाच ब्लो-बाय म्हणतात) खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भागात, उतरतोच, इंजिन कितीही नवं असलं तरी. तो बाहेर काढायला दोन वाटा आहेत. आयडलला आणि हलक्या पायाने चालवताना मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम असतो, तेव्हा पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे हा वायू मोजून सोडणारी झडप, उघडून वायू सरळ मॅनिफोल्डमध्ये जातो. त्याच वेळी दुसऱ्या पाइपने, एअर फिल्टरनंतरची ताजी हवा इंजिनात शिरते. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये दाब चढतो, पीसीव्ही बंद होतो, आणि मग तोच दुसरा पाइप उलटा चालतो: वायू त्यातून टर्बोच्या तोंडाशी जातो. म्हणजे इंटरकूलरमध्ये दिसलेलं तेल या दुसऱ्या वाटेनं आलेलं असणार. हे बरोबर असेल, तर बाजारात मिळणारा एक कॅन पीसीव्हीच्या बाजूला लावून माझा इंटरकूलर कोरडा होणार नाही. बरोबर न?

आता इकडचे सल्ले. एक मिस्त्री म्हणतात, "ट्रॅक्टरले ब्रीदर खाली मोकळाच असते न, याचाही सोडून द्या, काहून डोकं लावून राहिले?" त्यांचा हात फार चांगला आहे, डिझेलमध्ये मी त्यांचाच शब्द मानतो. पण इथं पीसीव्हीचं तोंड बंद न करता पाइप सोडला तर मॅनिफोल्ड बाहेरची हवा ओढेल आणि आयडल बिघडेल. तोंड बंद केलं तरी हलक्या पायावर क्रँककेस धुऊन काढणारी ताजी हवा थांबते, पाण्याची वाफ आणि पेट्रोल तेलातच राहतं. रोज थंड इंजिनवर चालणाऱ्या माझ्या गाडीला ते कसं परवडणार? वर वायू मोकळा सोडणं नियमात बसत नाही, आणि एसीतून वास येईल तो वेगळा. कापसाच्या हंगामात रस्त्यावर जी धूळ उडते, ती मोकळ्या तोंडातून आत गेली तर बेअरिंगचं काय होईल, हा विचार तर करवतच नाही.

दुसरा सल्ला आला की वर्कशॉपमध्ये डबा वेल्ड करून घ्या, आत भांड्याची तारेची घासणी कोंबा, झालं काम. डबा करायला माझी हरकत नाही. घासणीला आहे. तिचे तुकडे सुटतात, आणि पुढं टर्बोचं चाक लाखाच्या वर फेरे घेत असतं.

पाइपचाही प्रश्न आहे. वर्ध्यात मागितला की रेडिएटर-हीटरचा होज हातात ठेवतात. तो पाण्यासाठीचा रबर, तेलात फुगतो. फवारणी पंपाची नळी गरम झाली की मऊ पडते आणि व्हॅक्यूमला चपटी होते. नायट्रिल रबरचा, तेल-पेट्रोल सोसणारा, आतून १९ मिलिमीटरचा होज नागपुरात कुठं सुटा मिळतो? ऑनलाइन किटमधल्या कॅनची तोंडं १० मिलिमीटरची दिसतात, माझा मूळ ब्रीदर त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. एवढं आवळलेलं चालतं का? ज्यांनी स्वतः बसवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद, अकोल्याहून

दादा, वायूच्या वाटेचं तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. एकच कॅन घ्यायचा असेल तर ब्रीदरच्या बाजूला लावा, म्हणजे टर्बोकडं जाणाऱ्या पाइपवर. रिमॅपमुळं वाढलेला सगळा ब्लो-बाय तिथूनच जातो. पण व्हॉल्व्हवरचा कार्बन तुमची खरी काळजी असेल, तर पीसीव्हीची बाजू सोडून चालणार नाही. तुमची गाडी बहुतेक वेळ हलक्या पायावरच चालते, म्हणजे रोजची वाफ तिकडूनच व्हॉल्व्हवर जाते. मी दोन्हीकडं लावले आहेत. कार्बन पूर्ण थांबतो असं कोणी सांगितलं तर मानू नका, कमी होतो.

ब्रीदरच्या बाजूला १० मिलिमीटरचं तोंड अजिबात नको. बूस्टमध्ये वायूला तिथूनच निघायचं आहे. ती वाट आवळली की क्रँककेसमध्ये दाब चढतो, आणि मग तेल क्रँकच्या मागच्या सीलमधून, हेड कव्हरच्या पॅकिंगमधून वाट काढतं. डिपस्टिक आपोआप वर सरकलेली दिसली तर समजायचं. पीसीव्हीच्या बाजूला बारीक पाइप चालतो, कारण तिथला प्रवाह व्हॉल्व्हनं आधीच मोजून दिलेला असतो.

किटमध्ये दोन चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपा) येतात, त्यातला एक ब्रीदरवर लावायला सांगतात. तो लावू नका. त्याच पाइपनं आयडलला ताजी हवा आत येते हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. ती अडली की पीसीव्ही क्रँककेसमधून ओढतच राहतो, आत व्हॅक्यूम वाढतो आणि सील शिट्टी मारायला लागतं.

कॅनच्या आत आडव्या पट्ट्या आणि स्टेनलेसची विणलेली जाळी हवी, दोन्हीकडून पत्र्यानं दाबून धरलेली. नुसता रिकामा डबा असेल तर वाफ एका तोंडानं येते आणि दुसऱ्यानं तशीच निघून जाते. बसवताना एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब, जिथं समोरची हवा लागते तिथं. वाफ थंड झाली तरच तेल वेगळं होतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जागेलाच अर्धं महत्त्व आहे. हेड कव्हरपासून कॅनपर्यंत पाइपला सतत उतार ठेवा, मधे झोळ पडला की तिथंच पाणी-तेल साचतं. कॅन बॉडीला आवळणार असाल तर होजला थोडी ढील द्या, इंजिन हलतं, बॉडी हलत नाही.

पण हे सगळं करायच्या आधी तिन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन आणि शक्य असेल तर लीक-डाऊन (सिलेंडरमध्ये हवा भरून किती गळते ती चाचणी) बघून घ्या, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा टाका. रिंगा गेल्या असतील तर कॅन लावून फक्त तेल गोळा होत राहील, दुखणं तसंच. तेल वरच्या खुणेच्या वर कधी भरू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार, भाऊ. चेक व्हॉल्व्हचा मुद्दा कुठंच वाचला नव्हता, मी तो लावणारच होतो. कॉम्प्रेशन या आठवड्यात बघतो. अजून एक विचारून राहिलो: कॅन लावल्यावर वाट आवळली गेली की नाही, हे सील फुटायच्या आत कसं कळेल?

प्रतिसाद, हिंगणघाटवरून

गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या. तिला यू आकारात फळीवर बांधा, दोन्ही हात मीटरभर तरी उंच ठेवा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. डिपस्टिक काढून तिच्या नळीवर एक टोक घट्ट बसवा, दुसरं टोक मोकळं. आयडलला पाणी इंजिनच्या बाजूला थोडं चढायला हवं, म्हणजे आत हलका व्हॅक्यूम आहे. उलट मोकळ्या बाजूला चढलं तर आत दाब साचतो आहे. दोन्ही बाजूंत १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल. कॅन लावायच्या आधी आणि नंतर, त्याच आरपीएमला, इंजिन सारखंच गरम असताना मोजा आणि लिहून ठेवा. उभ्या गाडीवर बूस्ट येत नाही, त्यामुळं पुढची पायरी म्हणून कमी दाबाचं गेज केबिनपर्यंत आणावं लागेल, आणि वाचायला शेजारी दुसरा माणूस हवा. चालवताना तुम्ही स्वतः बघू नका.

थंडीत कॅनमध्ये पांढरट, ताकासारखं काहीतरी निघेल. ते तेलात मिसळलेलं पाणी आहे, छोट्या फेऱ्यांमुळं येतं, हेड गॅस्केट गेलं म्हणून लगेच घाबरू नका; कूलंटची पातळी मात्र तपासा. ते परत इंजिनात ओतायचं नाही आणि बांधावरही फेकायचं नाही, गॅरेजच्या जुन्या तेलाच्या ड्रममध्ये टाका. हिवाळ्यात कॅन लवकर लवकर रिकामा करा.

धागाकर्ता

नळी घरीच आहे, बांधकामाची. आधी कॅनशिवाय मोजतो आणि कॉम्प्रेशनच्या आकड्यांसोबत इथंच टाकतो. १९ मिलिमीटरच्या नायट्रिल होजचं तेवढं कोणीतरी सांगा. नागपुरात हायड्रॉलिक होजवाल्यांकडं मिळेल, की दुसरीकडं विचारू?