जुनी पुस्तकं रद्दीत घाला म्हणणाऱ्या भाऊंना

पांझराकाठ:
काल एका भाऊंनी लिहिलं, 'खानदेशचं १८८० चं इंग्रज सरकारचं माहितीपुस्तक, ते गॅझेटियर, आणि आजोबांच्या काळातली शेतीची पुस्तकं रद्दीत घाला, सगळं मोबाईलवर मिळतं.' वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा लांबण लावतो.

मोबाईलवर मिळतं ते कोणत्या शिवाराचं हो? तिकडे नगरचा माणूस डाळिंबाला खत सांगतो आणि आमच्या साक्रीकडचं पोरगं तेच कपाशीला टाकून मोकळं होतं. गॅझेटियरात जमीन, पाणी, पिकं, विहिरी तालुकावार आहेत, आमच्या धुळ्याकडच्या पांझरा नदीवरचे बंधारे आहेत. कपाशीचंही तसंच. मर रोग झेलणारी जरीला, वीरनार ही आपल्याकडचीच देशी वाणं. कृषी खात्याच्या जुन्या पुस्तिका गेल्या की ही नावंही गेली. दुकानदार तर सांगायचा नाही.

केळीवाला_रावेर:
तो भाऊ मीच. आमचे वडील पुस्तकी शेतकरी. पुस्तकात पाटाने भरपूर पाणी द्या लिहिलंय म्हणून देत गेले, खालचं वावर चोपण झालं, क्षार साठून जमीन घट्ट झाली. ते मी ठिबक टाकून, शेणखत ओतून निम्मं-अर्धं सुधारलं. केळीची जुनी बसराई जात गेली, प्रयोगशाळेतल्या टिश्यूकल्चर रोपांची ग्रँड नैन आली. केळीवर सीएमव्ही हा विषाणू रोग आल्यावर बागा उपटाव्या लागल्या तेव्हा तुमचा इंग्रज साहेब आला होता का सांगायला?

गुपचूप_वाचक:
साहेब नाही आला, पण दुकानदार आला ना! युरियाच्या गोणीबरोबर नको ती बाटली गळ्यात मारतात. या सक्तीच्या 'लिंकिंग'वर बोला कोणीतरी.

सातपुडा_पायथा:
गॅझेटियरचं कौतुक चाललंय म्हणून बोलतो. त्यात आम्ही भिल्ल म्हणजे लुटारू आणि आम्हाला माणसात आणणारा कोण, तर आउट्रम नावाचा इंग्रज अधिकारी आणि त्याची १८२५ ची भिल्ल पलटण. आमचा खाज्या नाईक इंग्रजांशी लढला, १८५८ मध्ये आंबापाणीला आमची माणसं मारली गेली. सरकारी कागदात तो दरोडेखोर. शेतसारा वसूल करणाऱ्यांनी लिहिलेलं पुस्तक आहे ते. वाचायचंच असेल तर शेजारी महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' ठेवा, तोही त्याच सुमाराचा, १८८३ चा.

पांझराकाठ:
दादा, तुमचं मान्य. पण साऱ्यासाठी का होईना, विहिरी मोजल्याच ना? शिव्या बाजूला ठेवून विहिरी घ्या.

सातपुडा_पायथा:
शिव्या तुम्हाला नाहीत, म्हणून बाजूला ठेवणं सोपं जातं.

गिरणाई:
बंधाऱ्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. माझे आजोबा पांझरेच्या फडावर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर भिजणाऱ्या सामाईक शिवारात, पाणी वाटणारे पाटकरी होते. पहाटे फावडं खांद्यावर टाकून निघायचे. कोणाचं बारं, म्हणजे वावरात पाणी सोडायचं तोंड, किती वेळ उघडं ठेवायचं, हे सगळं डोक्यात. रात्री कोणी चोरून बारं फोडलं तर सकाळी ओल्या मातीवरून घर ओळखायचे, मग तो कितीही मोठा असो, दंड भरायचा. मजुरी धान्यात. यातलं काय आहे हो तुमच्या पुस्तकात? आजोबा गेले, विद्या गेली.

केळीवाला_रावेर:
ताई, आजोबांना नमस्कार. पण फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस म्हणजे ऊस, भुसार म्हणजे भुसार. आज माझ्या शेतात काय लावायचं ते गावाने ठरवून दाखवावं!

पांझराकाठ:
म्हणूनच रावेर-यावलचं पाणी पाताळात गेलं. ज्याचं मशीन मोठं त्याचं पाणी.

केळीवाला_रावेर:
हां, केळीवालेच गुन्हेगार! धुळ्याकडचे फड काय आम्ही मोडले? वर धरणं झाली, विहिरी-मोटारी आल्या, उसाच्या लोभाने तुमच्याच लोकांनी पाण्याची पाळी मोडली. आम्ही तर तापीचं पाणी जमिनीत मुरवायची 'मेगा रिचार्ज' योजना होणार, होणार म्हणून ऐकत म्हातारे झालो.

गिरणाई:
पाळी मोडली हे खरंय. आमच्याच भाऊबंदकीत मोडली. पाटकऱ्याला धान्य द्यायचं बंद केलं आणि मग पाणी येत नाही म्हणून ओरडले.

अहिराणी_माणूस:
हाई बरोबर शे ताई. पण पुस्तकवाला भाऊ, तुम्ही आजोबांचं सांगणं लिहून घ्या म्हणतच नाही. साहेबानं लिहिलं ते शास्त्र, पाटकऱ्याचं ते गप्पा?

पांझराकाठ:
असं कुठे म्हणालो? धुळ्यात इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ ला गेले, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. लोकांच्या घरातले जुने कागद गोळा करण्यातच त्यांचा जन्म गेला. तेव्हा कोणीतरी 'रद्दी आहे' म्हणालंच असेल.

केळीवाला_रावेर:
आता मला राजवाड्यांच्या विरोधात उभं केलं. छान. बरं, त्या गॅझेटियरात रावेरच्या विहिरींचं पान असेल तर फोटो टाका.

पांझराकाठ:
तेव्हा तुमच्याकडे सावदा तालुका होता, त्यात बघावं लागेल. टाकतो. रद्दीतून काढावं लागेल म्हणा.

केळीवाला_रावेर:
टाका टाका. पाणी किती हातांवर होतं तेवढंच बघायचंय. बाकी शिकवणी नको.

गुपचूप_वाचक:
लिंकिंगचं राहिलंच.