मदत हवी आहे: बोंडअळीवरच्या थरारकथेत घाई कुठून आणावी?

नमस्कार मंडळी,

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातला. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि भावाबरोबर घरची कापसाची शेती पाहतो. गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवसांत एक थरार कादंबरी लिहीत आहे. जनुकीय फेरफाराचा एक प्रयोग हाताबाहेर जातो आणि त्याचा पाठलाग सातपुड्याच्या पायथ्यापासून मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या बिजासन घाटापर्यंत चालतो, असा तिचा आवाका आहे. एकशे चाळीस पाने झाली आणि गाडी अडली.

पहिल्या खर्ड्यात मी केळी घेतली होती, कारण रावेर-यावलच्या बागांत लपाछपीचे प्रसंग झकास रंगतात. परंतु आपल्या केळीला बी धरत नाही, परागातून तिचे जनुक शेजारच्या बागेत जात नाही आणि रोप येते ते कंदातून किंवा ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेतून. म्हणजे बिघडलेली केळी कुंपणाबाहेर पडायची तर ती कोणीतरी टेम्पोत घालून न्यायला हवी. हे मला एका विद्यार्थिनीने भर वर्गात ऐकवले आणि ऐंशी पाने रद्दीत गेली.

म्हणून गुलाबी बोंडअळीकडे वळलो. तिच्याबद्दल खानदेशात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. २००२ साली बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली, २००६ साली दोन विषांची दोन जनुके असलेले वाण आले आणि २०१७ च्या हंगामापर्यंत या अळीने दोन्ही विषे पचवलेली होती. त्या वर्षी आमच्या शेतातला शेवटचा कापूस वेचणीच्या मजुरीलाही पुरला नाही. कादंबरीची नायिका सुनंदा ही कृषी सहायक आहे. पहिल्याच प्रकरणात ती जुलैच्या पूर्वहंगामी कापसात एक डोमकळी उकलते. पाकळ्या धाग्यांनी एकमेकींना शिवल्यासारख्या घट्ट मिटलेल्या असतात, आत परागकण कुरतडलेले असतात आणि मध्ये ती अळी असते. एवढ्यापर्यंत मी डोळ्यांनी पाहिलेले लिहिले आहे.

पुढचे मात्र कल्पनेचे आहे. बियाण्यांच्या धंद्यातला एक बडा माणूस पायथ्याच्या शेडनेटमध्ये या अळीवर जीन ड्राइव्ह बसवतो. एरवी कोणतेही जनुक निम्म्याच संततीकडे जाते. जीन ड्राइव्ह मात्र जोडीदाराकडून आलेले गुणसूत्र कापून त्यावर स्वतःची नक्कल बसवतो, त्यामुळे जवळजवळ सगळी पिल्ले ते जनुक घेऊनच जन्मतात. हे निव्वळ कल्पनारंजन नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१८ साली पिंजऱ्यातल्या हिवतापाच्या डासांवर असा प्रयोग झाला आणि सात ते अकरा पिढ्यांत त्या पिंजऱ्यांतली प्रजा संपली. माझ्या खलनायकाला अळी संपवायची नाही. ती फक्त त्याच्याच औषधाने मरावी, असा दोष त्याला तिच्यात पेरायचा आहे, म्हणजे सारा कापूसपट्टा दर हंगामाला त्याच्या दारात उभा राहील. बिघाड होतो तो असा, की कापलेल्या जागी नक्कल बसण्याऐवजी पेशी ते तुकडे स्वतःच वेडेवाकडे सांधते. अशा अळ्यांवर ड्राइव्ह चालत नाही, बीटी चालत नाही आणि (ही माझी कादंबरीपुरती सूट) त्याचे औषधही चालत नाही. ही गोष्ट त्याच्या लक्षात येते तेव्हा त्याच हंगामात पतंग बाहेर पडून जिल्हाभर पसरलेले असतात आणि तो पुरावे व साक्षीदार नष्ट करायला निघतो.

आता अडचण अशी आहे. बोंडअळीची एक पिढी साधारण महिन्याची असते. थरारकथेला मात्र एक रात्र लागते. महिनाभर वाट पाहणाऱ्या किड्याच्या मागे नायिका धावणार कशासाठी? शिवाय बिघडलेला पतंग आणि साधा पतंग दिसायला सारखेच, तेव्हा जिच्याजवळ भिंगाखेरीज काही नाही अशा कृषी सहायकाने ते ओळखावे कसे? आणि ओळखले तरी तिने रात्री अकरा वाजता नेमका कोणाला फोन करावा? कृपया राक्षसी आकाराच्या अळ्या सुचवू नयेत. त्या एका मित्राने आधीच सुचवल्या आहेत.

प्रतिसाद, जिनवाला:

सर, मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हिशेबाचे काम करतो. आपण शेतातच अडकून पडला आहात, म्हणून घाई सापडत नाही. गुलाबी अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात सुप्तावस्थेत पडून राहते. कापूस जिनिंगमध्ये आला की रुईची गाठ होते आणि सरकी ढिगावर जाते. त्या ढिगातल्या कित्येक अळ्या जिवंत असतात. म्हणूनच तर जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावायला सांगतात. शेतातून शेतात जायला अळीला महिना लागत असेल, पण सरकीचा ट्रक रात्री नऊला सुटला तर पहाटेपूर्वी ती राज्याबाहेर असते. आपल्या गावाहून गलंगीमार्गे अनेर नदी ओलांडली की शिरपूर, तिथून महामार्गाने पळासनेर आणि पुढे घाट. त्या ट्रकच्या मागे धावायला सुनंदाला एक रात्र पुरेल.

प्रतिसाद, अनेरकाठ:

ओळखीचा प्रश्न खलनायकानेच सोडवून ठेवलेला असणार. अमेरिकेत २००६ पासून वांझ केलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग विमानातून कापसाच्या शेतांवर सोडत, जोडीला बीटी कापूस होताच, आणि २०१८ साली तिथून ही कीड संपल्याचे जाहीर झाले. सापळ्यात सापडलेला पतंग आपण सोडलेला की रानातला, हे कळावे म्हणून त्या अळ्यांना तांबडा रंग घातलेले खाद्य देत असत; पतंग चिरडला की आतून लाल निघे. खाद्यातला रंग पुढच्या पिढीत उतरत नाही, म्हणून आपल्या माणसाला त्याऐवजी लाल चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक घालावे लागेल, कारण प्रसार मोजायचा तर त्यालाही खूण हवी. तशी खूण याच अळीत प्रत्यक्ष घातली गेलेली आहे. सुनंदाच्या हाती योग्य रंगाची बॅटरी आणि एक गाळणी काच (बॅटरीचा उजेड अडवून फक्त ती लाल चमक दिसू देणारी) द्या. बिघडलेल्या अळ्यांत ही खूण नसेल, हे मात्र विसरू नका. जे चमकत नाही आणि तरीही मरत नाही, त्याचीच तिला भीती वाटली पाहिजे.

प्रतिसाद, तळटीप:

एका बाबतीत असहमत आहे. हंगामात पाच-सहा पिढ्या धरल्या तरी शेडनेटमधून सुटलेले थोडेसे पतंग एका वर्षात जिल्हा व्यापणार नाहीत. सुटका दोन हंगाम आधी दाखवा. फरदड ठेवणाऱ्या, म्हणजे वेचणीनंतरही कापसाची झाडे न उपटता पुढे राखणाऱ्या शेतांनी मधला उन्हाळ्यापर्यंतचा काळ भरून काढला, असे लिहिले तर कोणीही मान डोलावेल. फोनविषयी: जनुकीय फेरफार केलेल्या जिवांबाबतचे १९८९ चे नियम पाहावेत. त्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. म्हणजे अधिकार कागदावर अगदी जवळ, जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. परंतु शिरपूर तालुका धुळे जिल्ह्यात येतो, म्हणून ट्रकने अनेर ओलांडली की जळगावच्या कार्यालयात बसलेला माणूस ‘आता ते धुळ्याला कळवा’ असे म्हणू शकतो.

धागाकर्ता:

तिघांचेही मनापासून आभार. अनेरचा पूल ही माझी रोजची वाट असून तिथे कथेची हद्द बदलते, हे मला सुचले नव्हते. दोन हंगाम आधीची सुटका मान्य. त्यासाठी तिसरे प्रकरण पुन्हा लिहावे लागेल. सुनंदाचा मामा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे, तो आतापर्यंत केवळ अहिराणी बोलण्यापुरता होता, त्याला आता काम मिळाले. जिनवाला, एवढेच सांगा, की सरकी ट्रकमध्ये पोत्यांत भरतात की मोकळी?

जिनवाला:

आमच्याकडे मोकळीच भरतात. फाळके उंच करून वर ताडपत्री आणि दोरखंड. घाटाच्या चढाला ट्रक इतका हळू होतो, की मागून चढणाऱ्याला फार कसरत पडू नये.

धागाकर्ता:

मग ती ताडपत्री कापूनच आत उतरेल आणि गुडघाभर सरकीत बॅटरी लावेल. मामाला फोनवर ठेवतो.