मदत हवी आहे: आरोग्य कार्यक्रम खरंच उपयोगी कसा करावा?

नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या आरोग्य कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी योगवर्ग, पावलं मोजायची स्पर्धा, रक्ततपासणी, सगळं करून पाहिलं. आले ते बहुतेक आधीपासून तब्येत सांभाळणारेच. मला काळजी वाटते ती रात्रपाळीवाल्यांची, आणि त्यांना जागेवरून उठायलाही फुरसत नसते.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून खचून जाण्याची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. कारण दिलं ते कामावरचा, नीट न हाताळलेला दीर्घकाळचा ताण. याच संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो. मग नुसतं ध्यानाचं अ‍ॅप देऊन काय साधणार? तास आणि पाळ्या यांनाच हात घालायला हवा, असं माझं ठाम मत आहे. वरिष्ठांना मात्र ‘कार्यक्रम’ हवा आहे.

कुणी पाळ्यांची आखणी बदलून पाहिली आहे का? वरिष्ठांना कसं पटवलंत? यश कशावर मोजलंत, आजारपणाच्या रजांवर की आणखी कशावर?

आणखी एक, आणि हेच जास्त टोचतं. समुपदेशन सेवा आहे, पण नाव एचआरपर्यंत पोहोचेल या भीतीने कुणी फोनच करत नाही. हा विश्वास तुम्ही कसा मिळवलात? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.