‘डिझेलनं धुवा, ऑइल सोडा, चालवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सराटा:
काल ‘गिअर सात’ यांनी लिहिलेलं वाचलं. थोडक्यात असं: एमटीबीवर (डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलीवर) पंधरा हजारांच्या वर एक रुपया घालू नका, सर्व्हिसिंग म्हणजे लूट, चेन डिझेलमध्ये बुडवा आणि वरून गाडीचं इंजिन ऑइल सोडा, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले टायर) ही थेरं आहेत, पायात दम असला की कुठलाही ट्रेल होतो. खाली अंगठ्यांची रांग लागली आहे. त्यातला एखादा हे वाचून उद्या पहिली सायकल घ्यायला दुकानात जाईल, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

पंधरा हजारांत एमटीबीसारखी दिसणारी सायकल मिळते. मागच्या चाकावर आट्यांनी बसवलेलं सात गिअरचं फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा संच) असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि अ‍ॅक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) तेवढा तुकडा बिनआधाराचा असतो. रस्त्यावर काही होत नाही, पण खडकाळ उतारावर चार-सहा महिने आपटली की अ‍ॅक्सल वाकतो. माझा दोन वर्षांत तीनदा वाकला, शेवटी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या मागून सायकल ढकलत आणली. पुढचा शॉक म्हणजे अडीच किलोची स्प्रिंग. ती दबते आणि तितक्याच जोरानं उसळते, तिला आवरायला आत काहीही नसतं. त्याच पैशांत पुढे-मागे दोन्हीकडे शॉक मिळत असतील तर दुकानातून उलट्या पावली बाहेर या. बजेट कमी असेल तर शॉक नसलेला साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) घ्या आणि रुंद टायर, चांगले ब्रेक यांवर पैसे घाला. वापरलेली पण चांगली सायकल मिळाली तर त्याहून उत्तम, फक्त फ्रेमच्या जोडांवर तडे बघून घ्या.

आता चेन. ती किती झिजली हे डोळ्यांना दिसत नाही, मोजावं लागतं. साधी स्टीलची फूटपट्टी घ्या. नव्या चेनवर एका पिनच्या मध्यापासून तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत, म्हणजे बारा पूर्ण जोड्यांचं अंतर, बरोबर १२ इंच भरतं. एक सोळांश इंच वाढलं की चेन बदला. एक अष्टमांश वाढेपर्यंत थांबलात तर मागची कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) तिच्यासोबत गेली, मग नवी चेन जुन्या दातांवरून घसरणार. माझी आठ स्पीडची चेन सातशे रुपयांना आली. ती वेळेत बदलली नाही म्हणून दोन हजारांची कॅसेट घ्यावी लागली. हा हिशेब दुकानदारानं मला शिकवलेला नाही, मी तो भरलाय.

आणि ब्रेक. डिस्क ब्रेकच्या सायकलवर चेनला तेलाचा स्प्रे मारताना माझ्या हातून थोडा मागच्या डिस्कवर (ब्रेकच्या चकतीवर) उडाला. पुसला, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बोपदेव घाट उतरताना मागचा ब्रेक नुसता किंचाळला, धरला नाही. पुढचा घाबरून दाबला आणि हँडलवरून गेलो. हासळीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. पॅड एकदा तेल प्यायले की टाकायचेच. ‘कुठलंही तेल चालतं’ हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही.

गिअर सात:
सराटा, माझ्या लिहिण्यात ‘डिस्कवर तेल उडवा’ असं कुठे होतं? तुमचा हात घसरला ते माझ्या माथी का?

मी २००९ पासून चालवतोय. वडील दुधाच्या किटल्या लावून रोज तीस किलोमीटर चालवायचे, वीस वर्षं एकच सायकल, सर्व्हिसिंग म्हणजे रविवारी अंगणात उलटी करून पुसणं. परवा माझा भाचा कागद घेऊन आला. साठ हजारांची सायकल, आठ हजारांचं हेल्मेट, चार हजारांचे शूज, मल्टिटूल, हवेचा काटा. पोरगा अजून एकदाही टेकडीवर गेलेला नाही. तुम्ही लोकांनी इतका बागुलबुवा उभा केलाय की हातात पैसे नसलेला मुलगा घराबाहेरच पडत नाही. मला त्याला बाहेर काढायचंय. पंधरा हजारांची घे, पड, शीक, मग ठरव. यात चूक काय?

सराटा:
वडिलांची सायकल डबलबार रोडस्टर असणार. जाड अ‍ॅक्सल, एकच गिअर, रुंद चेन. ती वीस वर्षं टिकतेच. तिचा हिशेब दहा-बारा गिअरच्या कागदासारख्या चेनला लावू नका एवढंच म्हणतोय. भाच्याची यादी मलाही पटत नाही. हेल्मेट मात्र त्यातून काढू नका.

जांभा रत्नागिरी:
पुण्याच्या धुळीवरून सगळ्या महाराष्ट्राला नियम लावू नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाल चिखल, आणि उरलेले महिने खारी हवा. ड्राय ल्यूब नावाचं कोरड्या हवेसाठीचं चेनचं तेल जे काय विकतात ते पहिल्या वहाळात धुऊन जातं. मी पावसाळाभर जाड तेलच घालतो आणि दर फेरीनंतर फडक्यानं पुसतो. इथे चेन झिजून मरत नाही, गंजून मरते. डिझेलचं म्हणाल तर मीही वापरतो, फक्त नंतर साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात पूर्ण वाळवतो आणि मगच तेल. ओल्या चेनवर तेल सोडलं तर आत रोलरपर्यंत पोचतच नाही.

एक मात्र कळवळून सांगतो, गाड्या धुतात तिथे प्रेशरच्या पाण्यानं सायकल धुऊन घेऊ नका. हबमधलं आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगमधलं ग्रीस उडतं, पाणी आत बसतं. माझ्या दोन्ही बेअरिंगचा एका पावसाळ्यात भुगा झाला.

गिअर सात:
बघा, डिझेल चालतं.

सराटा:
साबण आणि ऊन यांच्यासकट चालतं. तुमच्या लिहिण्यात ते दोन्ही नव्हते. पण ठीक आहे, डिझेलबद्दल मी जरा ताणलं.

पाच फूट एक:
तुमचं तेल चालू द्या. मी दोन दुकानांत गेले, दोन्हीकडे मला अठरा इंची फ्रेम दाखवली आणि ‘सीट खाली घ्या, होईल’ म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी टोपली लावलेली गुलाबी सायकल पुढे केली. अठराची घेतली, सहा महिने मान आणि मनगटं दुखली. उतारावर थांबून पाय टेकवायला गेले की टॉपट्यूब (सीटपुढची आडवी नळी) आधी लागायची. शेवटी चौदाची वापरलेली घेतली आणि पहिल्या दिवशी कळलं की मला उतरायची भीती वाटत नव्हती, ती सायकल मोठी होती. फ्रीव्हील, शॉक सगळं नंतर. आधी टॉपट्यूब दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय टेकवून उभं राहून बघा. हे कोणी लिहीत का नाही?

चढउतार:
ताई, शंभर टक्के. ट्रेलचंही कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. नव्यांनी तळजाईपासून सुरुवात करावी, चढ सोसतो. मग वेताळ टेकडी, खाणीच्या कडेनं पाषाणच्या बाजूला उतरणारी वाट. परवा भर पावसात उतरलो, मागचं चाक घसरवत, काय मजा आली! कात्रज ते सिंहगड सायकलनं करू म्हणणाऱ्यांनी आधी एकदा पायी करा. टेकडीमागून टेकडी आहे, निम्मा वेळ सायकल खांद्यावर असेल.

टेकडीवाली:
‘मागचं चाक घसरवत’ हे अभिमानानं लिहिलंय का?

मी वीस वर्षं त्या टेकडीवर चालते. सायकलीच्या विरुद्ध नाही, माझा मुलगा चालवतो. पण पावसात भिजलेल्या मुरमावर ब्रेक आवळून चाक घासत नेलं की एक लांब चर पडतो. पुढच्या सरीचं पाणी वाट सोडून त्या चरातून धावतं. महिन्याभरात ती नळी होते, खालचा काळा दगड उघडा पडतो. चालणारे ती टाळून बाजूच्या गवतातून जातात, तिथे दुसरी वाट होते, मग तिसरी. पाषाणच्या उतारावर मी एका वाटेच्या चार होताना पाहिल्या आहेत. तिथे मातीचा थर आहेच केवढा? वीतभर. तो परत यायला आपलं आयुष्य पुरणार नाही.

आणि ते गवत रिकामं नसतं. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, खड्यांच्या रंगाची, दोन पावलांवरून दिसत नाहीत. उन्हाळ्यात वाट सोडून चाक घातलंत की काय चिरडलं ते तुम्हाला कळणारही नाही.

चढउतार:
ताई, रोज सकाळी तिथे शेकड्यांनी माणसं चालतात. त्यांच्या बुटांनी माती जात नाही का? कुत्री मोकाट सोडतात, त्यांच्या तोंडून टिटवी वाचते का? बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी टेकडी कापायची गोष्ट चालते, आणि तुम्हाला माझं सव्वादोन इंचाचं टायर दिसतं. आम्ही आठवड्याला दहा-बारा जण असू.

टेकडीवाली:
त्या रस्त्याविरुद्ध मी उन्हात उभी होते, हातात फलक घेऊन. तुम्ही तिथे दिसला नाहीत म्हणून नाही म्हणत, पण रस्ता वाईट म्हणून चर चांगला ठरत नाही. कुत्र्यांचं बरोबर आहे, तेही बांधलेलेच हवेत. आणि दहा-बारा म्हणता, त्या दहा-बारांनी टाकलेली ‘मजा आली’ची चित्रं बघून पुढच्या रविवारी किती येतात?

चढउतार:
म्हणजे आम्ही चार महिने घरी बसायचं आणि तुम्ही चालायचं. टेकडी तुमच्या नावावर आहे का?

टेकडीवाली:
तुमच्याही नाही. मी पडत्या पावसात वर जातच नाही, निसरडं असतं. आणि वाट पाण्यात असेल तर पाण्यातून चालते, बूट भिजवते, गवतात पाय घालत नाही. तुमच्याकडून तेवढंच मागतेय. त्यात ‘नावावर आहे का’ विचारण्यासारखं काय होतं?

गिअर सात:
सायकल स्वस्त की महाग हा विषय होता.

सराटा:
विषय जाऊ दे, हा जास्त महत्त्वाचा आहे. चढउतार, मी तुझ्या बाजूनं बोलायला आलो होतो, पण ताईंचं बरोबर आहे. चाक घसरवणं ही मजा असेल, पण तो उताराचा सराव नव्हे. चाक लॉक झालं की ब्रेकची ताकदच कमी होते, थांबायला अंतर जास्त लागतं. वजन मागे, दोन्ही ब्रेक थोडे थोडे, चाक फिरतं ठेवून उतरता आलं पाहिजे. माझा नियम साधा आहे: वाटेच्या तोंडाशी चिखल टायरच्या खाचांत भरायला लागला की मागे फिरायचं. त्या दिवशी सिंहगडाचा डांबरी घाट करायचा, पाय तेवढेच दमतात.

जांभा रत्नागिरी:
कातळावर मात्र बाराही महिने चालवता येते. तिथे माती नाही, चर नाही. फक्त पावसात शेवाळ, आणि सड्यावर (कातळाच्या पठारावर) फुलं आली की त्यांच्यावरून चाक घालू नये. आमच्याकडे आता बाहेरचे लोक येऊन तेच करायला लागलेत.

चढउतार:
बरं. पावसानंतर एक दिवस ऊन पडू देतो, मग जातो. वाट सोडणार नाही, चाक घासणार नाही. पण ताई, सकाळी चालणाऱ्यांनीही पूर्ण वाट अडवून चौघं शेजारी शेजारी चालू नये. घंटी वाजवली की अंगावर ओरडतात, म्हणून लोक गवतातून काढतात.

टेकडीवाली:
हे मी आमच्या गटात सांगते. घंटी लांबून वाजवा, पाठीशी येऊन नको. आमच्यातल्या दोघांना ऐकू कमी येतं.

पाच फूट एक:
ट्यूबलेसचं कोणी सांगा ना. टेकडीवर दर वेळी पंक्चर होते. एकदा एकाच टायरमधून सात सराटे काढले.

सराटा:
म्हणून तर हे नाव घेतलं! ट्यूबलेस करा. रिम आणि टायर दोन्ही त्यासाठीचे असले पाहिजेत, हे आधी दुकानात विचारा. सराट्यानं पडलेलं भोक आतलं सीलंट (भोक बुजवणारं चिकट द्रव) चाक फिरता फिरता बुजवतं. बाभळीचा मोठा काटा असेल तर तो लगेच उपसू नका, आधी भोक खाली येईल असं चाक फिरवा, मग काढा, नाही बुजलं तर प्लग, म्हणजे भोकात ठोसायची रबरी पट्टी. सीलंट आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतं, टायर हलवून आत खळखळ येते का बघायची. दुसरा फायदा, हवा कमी ठेवता येते. ट्यूबवर मी हवेचा दाब ३५ पीएसआय ठेवायचो, आता २४. खडीवर पकड किती वाढते ते पहिल्याच वळणावर कळतं. आणि हायड्रॉलिक ब्रेक असतील तर एक बघा: तेल कोणतं ते लिव्हरवर छापलेलं असतं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये एकानं माझ्यासमोर डॉट फ्लुइड (वेगळ्या जातीचं ब्रेकचं तेल) भरलं, महिन्यात आतले रबरी सील फुगले आणि लिव्हर परतच येईना.

गिअर सात:
सकाळी स्टीलची पट्टी लावली. बारा इंच आणि एक अष्टमांश, थोडं जास्तच. गेल्या वर्षभर चढावर उभं राहून पेडल मारलं की खाडकन घसरायची, मला वाटायचं गिअर लागत नाहीत. चेन आणि मागचं फ्रीव्हील दोन्ही बदलतोय. पंधरा हजारांबद्दलचं मत बदललेलं नाही. भाच्याला माझीच सायकल देतोय, दुरुस्त करून. त्याची उंची बघून घेतली, टॉपट्यूब पायांमध्ये घेऊन उभं करून.