पास सारखा कट होतो, काय करू?

नेरुळचा_गार्ड: मंडळी, आम्ही संध्याकाळी नेरुळला सोसायटीच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळतो, ड्रिबल बरं आहे माझं पण पास दिला की मधेच कोणीतरी हात घालतो, त्यात डिफेंडर उंच असला तर संपलंच. भिंतीवर बॉल मारून प्रॅक्टिस करतोय, मॅचमध्ये शून्य फरक.

ठाणे_वेस्ट: भिंत हात मधे घालत नाही ना भावा :) उंच माणसाच्या डोक्यावरून कशाला देतोस, बाउन्स पास दे, म्हणजे जमिनीवर टप्पा टाकून. टप्पा साधारण दोन तृतीयांश अंतरावर पडू दे म्हणजे बॉल घेणाऱ्याच्या कमरेपाशी येतो, तुझ्या जवळ टाकलास तर रेंगाळतो आणि गेला.

वाशीचे_काका: आधी बघतोस कुठे ते सांग. जिकडे पास तिकडेच टक लावलीस तर डिफेंडरला आमंत्रणच की. वरून द्यायचं नाटक कर, त्याचे हात वर गेले की खालून सोड. चेस्ट पासला (छातीपासून दोन्ही हातांनी सरळ ढकललेला) एक पाऊल पुढे, बॉल सुटल्यावर अंगठे जमिनीकडे वळले पाहिजेत. जॉन स्टॉक्टनचे जुने व्हिडिओ बघ, एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) १५,८०६ असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच बास्केट झाली असे पास, आणि दिखाऊपणा जवळजवळ नाहीच.

नेरुळचा_गार्ड: बघतो काका. तिघंच असलो तर काय करता येईल?

खारघर_हूप्स: एकाला मधे उभा करा, ड्रिबल बंद, पाच सेकंदात पास सुटला नाही की तू मधे. अंगाशी डिफेंडर असताना बॉल पाच सेकंद धरून ठेवला तर मॅचमध्येही तो समोरच्या टीमकडे जातोच. आणि पावसात कोर्ट ओलं असेल तर बाउन्स पास विसर, बॉल सटकतो.